होडीत न बसलेलं अस्वल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, पाठीत उसण भरली आहे, पण तू काळजी करू नकोस, ते काम मी करतोच आहे). तुझा गुडघा कसा आहे? वाचनालयातल्या त्या डुगडुगत्या शिडीवर अजून चढतेस का? चढत असलीस तर मला कळवू नकोस. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे आज सकाळपर्यंत तरी होते.

पत्रास कारण भिंगरी. आमचं हे कन्यारत्न दुसरीत गेलं तरी वाचायचं नाव घेत नव्हतं. सुटी अक्षरं ओळखायची, पण तीच शेजारी शेजारी उभी राहिली की घरात परकी माणसं शिरल्यासारखी आईच्या मागे लपायची. शेवटी बाईंनी आम्हा दोघांना शाळेत बोलावलं. (तिथल्या चिमुकल्या खुर्चीत बसताना मला वाटलं, आता पाढे विचारणार.) बाई म्हणाल्या, घाबरू नका, रोज घरी मिळून मोठ्याने वाचा, एक दिवस आईने, एक दिवस वडिलांनी, ऐकता ऐकता गोडी लागेल. आता 'घाबरू नका' म्हटलं की मी आधी बाहेरची वाट शोधतो, कारण लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना मी बाहेरून नेमकं हेच ओरडून सांगतो, आणि तेव्हा आतल्यांपेक्षा मीच जास्त घाबरलेला असतो.

शाळेने पुस्तक दिलं ते अस्वलाच्या पिल्लाचं. तुझ्या वहिनीची रुग्णालयात दुपारपाळी होती, म्हणून पहिल्या दिवशी मी एकटाच वाचायला बसलो. भिंगरी माझ्या दंडाला चिकटून. पिल्लू सकाळी उठतं, आईला न सांगता नदीवर जातं आणि काठाला बांधलेल्या होडीत चढतं. ताई, होडीला वल्हं नाही, बाजूला धरायला काही नाही, आणि दोर झिजलेला! (चित्रात स्वच्छ दिसत होतं.) उभा जन्म लिफ्टचे दोर तपासण्यात गेलेल्या माणसाने हे कसं वाचावं? मग मी वाचलं की पिल्लाने दोर नीट पाहिला, तो खराब निघाला, म्हणून ते मुकाट्याने घरी गेलं आणि झोपलं. पान उलटलं तर वादळ. मी वाचलं, पिल्लाला गाढ झोप लागली. अशा रीतीने पुस्तक संपेपर्यंत मी त्याला अंथरुणातून हलू दिलं नाही. भिंगरी म्हणाली, "पण चित्रात ते पाण्यात आहे." मी म्हटलं, "स्वप्न पडलंय त्याला." (हे ऐन वेळी सुचल्याचा मला अभिमानही वाटला. माणूस असा बुडतो.)

दुसऱ्या दिवशी वाचायची पाळी तुझ्या वहिनीची. ती परिचारिका, इंजेक्शन द्यावं तसं, हात न थरथरता, जे लिहिलंय ते वाचत गेली. मी स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून भांडी घासत होतो, तरी वादळ मला ऐकू आलंच. वाचून झाल्यावर भिंगरीने पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. खरं तर मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

आठवड्याभरात बाईंचं पुन्हा बोलावणं आलं. भिंगरीने म्हणे भर वर्गात उभं राहून जाहीर केलं होतं की अक्षरांवर विश्वास ठेवू नये. त्याच पुस्तकातलं तेच अस्वल बाबांनी वाचलं की झोपतं आणि आईने वाचलं की पाण्यात पडतं; म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात येईल ते अक्षरं बोलतात, मग ती शिकायची कशाला? हे इतरांना इतकं पटलं की काहींनी पुस्तकं मिटून दप्तरात टाकली. बाईंनी मला विचारलं, "तुम्ही नक्की काय वाचता घरी?" मी झिजलेल्या दोराबद्दल सविस्तर सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आजपासून शब्दाखाली बोट ठेवून वाचा. लिहिलंय तेच."

घरी येताना मला कामावरची पाटी आठवली. लिफ्टच्या खड्ड्याशी आम्ही 'धोका' अशी पाटी लावतो. उद्या ही पोर मोठी होऊन अशा पाटीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, वाचणाऱ्यावर आहे, तर? तेही मी शिकवलं म्हणून!

संध्याकाळी तिघंही बसलो. बोट ठेवलं, वाचू लागलो. पिल्लाला होडीत बसवलं, दोर तुटू दिला, वादळही येऊ दिलं. पण पुढच्या ओळीशी धीर सुटला आणि मी वाचलं, "होडी हलली."

भिंगरीने माझं बोट धरून मागे ओढलं. "थांब बाबा. हलली म्हणजे ह पाहिजे. इथे ह कुठंय?"

भिंगरी पुस्तकावर नाक टेकवून पुटपुटू लागली, "उ... ल... ट... ली." आणि एकदम ओरडली, "उलटली! होडी उलटली!"

ताई, एखाद्या जिवाच्या बुडण्याचा इतका आनंद मी कुठे पाहिला नाही. तुझी वहिनी डोळे पुसत होती. मी अजून पाण्यातल्या पिल्लाकडेच बघत होतो. म्हटलं, "पुढे?" तर भिंगरी म्हणाली, "बोट सरकव, मग कळेल." पिल्लू काठाला लागेपर्यंत तिने अडखळत, मला दटावत वाचलं. आता ती दिसेल ते वाचते. काल औषधाच्या बाटलीवरचं वाचून तिने मला एक दुष्परिणाम सांगितला, तेव्हापासून तो मला जाणवतोय.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरं काम राहिलंच. शाळेने दुसरा भाग दिलाय. मुखपृष्ठावर पिल्लू उंच मनोऱ्यावर चढताना दिसतंय. तुमच्या वाचनालयात असेलच. वर कठडा आहे की नाही आणि ते सुखरूप उतरतं का, एवढं उलट टपाली कळव. तुझ्या वहिनीला विचारलं तर ती म्हणते, वाचून बघ.

ता. क. दुसरा (अक्षर माझं नाही) : आत्या शेवट सांगु नको. बाबांना भिती वाटली तर मि हात धरिन.