बाप एमू थांबला ती जागा

एलिस स्प्रिंग्ज, ३ ऑगस्ट

प्रिय मर्टलताईस,
स. न. वि. वि.

चित्र झालं! गुंडाळून बसवाल्याबरोबर पाठवलंय. आमच्या आबांकडून आलेल्या पूर्वज एमूची अख्खी वाट आहे, तो पक्षी चालला ते सगळे डोंगर-झरे. आपल्या वस्तीच्या शाळेच्या भिंतीवर लावायचंय, पण आधी तुझी नजर. बापाकडून आलेली गोष्ट आम्ही काढायची आणि तुम्ही आत्याच्या लेकरांनी तीत चुका काढायच्या! वाडवडिलांनी तुला अगदी आवडीचं काम दिलंय.

इथलं मशीन दिवसाआड रक्त धुतं आणि मला पिळून काढतं. जेवायला उकडलेली गाजरं. भाची येऊन गेली, आमची छोटी डल्सी. माझं नाव मिरवते, पण ब्रश धर म्हटलं की म्हणते, तू आहेस ना आत्या.

लोभ आहेच, सोबत भाजलेली कांगारूची शेपटीही असू दे.
तुझी डल्सी

वस्ती, १४ ऑगस्ट

प्रिय डल्सी,
अनेक आशीर्वाद.

चित्र पाहून आधी रडले, मग चिडले. मागे राहिलेल्या पिल्लासाठी बाप एमू थांबला, तो झरा कुठाय? मामांनी, तुझ्या आबांनी, आपल्या दोघींना वाळूत बोट ओढून दाखवला होता. तो आल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. पोरं काय अर्धीच वाट शिकणार? विसरलीस की काय, बये?

शेपटी पाठवते. माया तीच, रागही तोच.
मर्टल

एलिस स्प्रिंग्ज, २६ ऑगस्ट

प्रिय ताई,
स. न.

हो गं, विसरले. डोंगराच्या अलीकडे की पलीकडे, रात्रंदिवस आठवतेय. अंदाजाने काढायला हात धजत नाही. पत्रात विचारणार नाही, ती जागा वाळूतच दाखवायची असते. म्हणून मीच येते. नर्स म्हणाली, मशीन सोडलंत तर आठवडाभरात कारभार आटोपेल. आटोपू दे. घरी तरी आटोपेल.

अंथरूण घालून ठेव.
डल्सी

वस्ती, २ सप्टेंबर

डल्सी,

खबरदार आलीस तर! खड्ड्यात गेलं ते चित्र, मला तू हवीस. इथल्या दवाखान्यात मशीन बसणार म्हणतायत. तोवर तिथेच राहा. मोठी आहे मी, एकदा तरी माझं ऐक.

मर्टल

वस्ती, ९ नोव्हेंबर

चि. ——,
अनेक आशीर्वाद.

नाव लिहिलं नाही, रागावू नकोस. तुझ्या आत्याबरोबर तुझंही नाव गेलं. गेलेल्या माणसाचं नाव आपण घेत नाही, आता तुलाही सगळे कुमंजायीच म्हणतील, म्हणजे जिचं नाव घ्यायचं नाही ती.

तिने माझं ऐकलं गं. जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मशीन काही आलं नाही, आणि ती तिकडे परक्या खाटेवर गेली. मी केस कापलेत, अंगाला पांढरी माती फासलीय, घर सोडून ओढ्याकाठी बसलेय. तिला यायचं होतं आणि मी येऊ दिलं नाही. हे दुःख मी कुठे नेऊन टाकू?

चित्र माझ्यापाशी आहे. झऱ्याची जागा तशीच मोकळी आहे. मला जागा ठाऊक आहे, पण काढायचा हक्क नाही. बापाकडून आलेला हक्क तुझा आहे, आणि तुला जागा ठाऊक नाही.

तिच्या मातीला येशील, तेव्हा लगेच परतू नकोस. मी वाळूत दाखवीन, तू काढ. चुकलीस तर ओरडेन, तिच्यावर ओरडायचे तशीच.

सावकाश ये. मी थांबलेय.
तुझी मर्टलआत्या