नटी कॉफी आणि माझी सर्दी

२६ मार्च २००६, रविवार

मला बघायला पाहुणे आले, पाहुणे गेले. भिवंडीकडचे. पोहे मी केले. दिसायला छान पिवळेधमक. मुलाच्या काकांनी दोन घास खाल्ले आणि बशी हळूच खुर्चीखाली सरकवली. फोडणी जळली होती म्हणे.

आई नंतर ओरडली, "तिथंच उभी होतीस ना गो? करपल्याचा वास..." मग तिच्या लक्षात आलं.

मागच्या वर्षी मुरबाडहून येताना जीप उलटली, तेव्हापासून नाक मेलंय ते मेलंयच. डोक्याचे टाके सुकले, केस आले. वास नाही आला. कल्याणचे डॉक्टर म्हणाले होते, येईल, नाहीतर नाही येणार. एवढं मलाही सांगता आलं असतं.

पोह्यांचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भांडी घासली.

२८ मार्च

आत्या आली मुरबाडहून, नवीन स्थळ घेऊन. मुलगा प्रदीप, टिटवाळ्याचा. ठाण्याला टीव्ही-फ्रीजच्या मोठ्या दुकानात नोकरी. आपल्यातलेच, चांगले लोक. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या.

आत्याचा हुकूम: गॅसवरचं काही करायचंच नाही. "थंड करा काय तरी. जळायला नको नि करपायला नको." पिशवीतून मासिकातलं कात्रण काढलं. वर ठळक अक्षरात "नटी कोल्ड कॉफी", खाली फोटो. उंच ग्लास, वर पांढऱ्या क्रीमचा डोंगर, त्यावर काजूचे तुकडे.

आई: "कोन नटी?"

धाकटा भाऊ, विनोद, जमिनीवर लोळून हसला. म्हणाला, "आई, नटी म्हंजे दाणे, काजू. सिनेमातली नाय." आता घरात त्या कॉफीचं नाव नटीच पडलंय.

नाकाबद्दल कुणाला सांगायचं नाही, हाही हुकूम. मी विचारलं, पण लपवायचं कसं? आत्या म्हणाली, "नाकात काय बघायचं असतं? सरळ हाय ना, बस."

३० मार्च

टायपिंगचा क्लास शिकवून मुरबाडहून एसटीने आले. जीपमध्ये अजून बसत नाही.

नटी, प्रयत्न पहिला. कॉफी पावडर, साखर, चमचाभर कोमट पाणी, चमच्याने फेटत बसायचं. काळं तपकिरी होतं, मग मातकट, मग पिवळट, मग एकदम फुगतं. हे मला आवडलं. डोळ्यांना कळतं, नाकाची गरज लागत नाही.

दाणे मात्र भाजायचे होते. कढईत टाकले आणि मनात घोळवत राहिले की उद्या मुलांना कुठला धडा टाइप करायला द्यायचा. आई मोरीतून ओल्या केसांनी धावत आली. "अगो घर पेटवतेस का काय!" तेव्हा बघितलं तर कढईतून धूर. दाणे काळे कुळकुळीत.

म्हणजे करपायला नको म्हणून जे काढलं, त्यातही करपायची सोय आहेच. काजू आणि खारे दाणे तयार आणायचं ठरलं. दाणे धुऊन, वाळवून.

२ एप्रिल, रविवार

प्रयत्न दुसरा. क्रीम कुठे मिळणार शहापुरात, म्हशीच्या दुधाची साय साठवली होती, तीच. साखर घालून मिक्सरला लावली. बघता बघता गोळा झाला, बाजूला पाणी सुटलं. लोणी!

आई खूश. "चला, तूप होईल." तिला नटीशी काही घेणंदेणं नाही.

विनोदने लोणी लावून पाव खाल्ला. म्हणाला, "ताई, पावण्यांना हेच दे. नटीचं लोणी."

हसले मी. हसायच्या जागा मला माहीत आहेत अजून.

५ एप्रिल

जमली. साय थंडगार घ्यायची, हाताने फेटायची, घट्ट होतेय वाटलं की थांबायचं. दूधही थंड. बर्फ मिक्सरमध्ये कॉफीबरोबर. काजू-दाणे जाडसर कुटून निम्मे आत, निम्मे वर.

मला काय लागतं: थंड, गोड, मागून कडू. वर मऊ. दाताखाली खरखर. बस. आंबा तरी काय लागतो, गोड आणि ओलं.

वि.ला विचारलं, कशी झालीय?

"कॉफीसारखी."

"आणखी?"

"काजूसारखी."

उपयोग शून्य. नीट सांग म्हटलं तर ग्लास हातात धरून विचार करत बसला बिचारा. मग म्हणाला, "घरात दाणे भाजताना येतो ना तो वास, तसा. पन थंड. तोंडात गेल्यावर मागून येतो."

मी आठवून बघितलं, दाणे भाजताना काय येत होतं. शब्द आठवला, खमंग. त्याच्यामागे काहीच नव्हतं. रडू वगैरे आलं नाही. ग्लास विसळून ठेवले.

८ एप्रिल

आईने सगळं हुंगून ठेवलं. दूध, साय, काजू. फ्रीजमध्ये वाट्या लावल्या. "उद्या मी आत नाय येनार सारखी. पावण्यांत बसावं लागेल. तुला काय बी हुंगायला लागलं तर विनोदला बोलव." मी हो म्हटलं. दुधाचं पातेलं तिने दोनदा हुंगलं. तिच्या नाकावर किती दिवस चालणार?

९ एप्रिल, रविवार

लिहून टाकते.

सकाळी लाइट गेली. रविवारी नसतं लोडशेडिंग, पण गेली. दुपारपर्यंत बर्फाचं पाणी. विनोद बाजारात गेला. कोल्ड्रिंकवाल्याकडे बर्फ संपलेला. अर्ध्या तासाने पिशवीत मोठा तुकडा घेऊन आला, मागच्या दाराने. पाहुणे तोवर बसले होते. जयभीम झालं, पाणी झालं. मी बर्फ फडक्यात गुंडाळून वरवंट्याने फोडला. मिक्सर बंद म्हणून सगळं हाताने. साय सुंदर झाली. ग्लास अगदी फोटोतल्यासारखे.

मी ट्रे घेऊन गेले. मुलगा, त्याची आई, वडील, आत्या. सगळ्यांनी उचलले. मी समोर उभी.

त्याच्या आईने एक घोट घेतला आणि ग्लास तोंडापासून लांब धरला. मुलाने गिळला, डोळे मोठे झाले. वडिलांनी मात्र दोन घोट घेतले, मिशीला लागलेली साय पुसली आणि शांतपणे विचारलं, "कोलंबी टाकलीय का काय हिच्यात?"

आत्याने आपला ग्लास हुंगला. तिचा चेहरा बघूनच मला कळलं.

विनोदने बर्फ कोळणीच्या पेटीतला आणला होता. "धुतला व्हता मी चांगला," असं आता म्हणतोय. पळत आलो, हातालाच वास होता, वेगळा कळला नाही म्हणे.

त्याच्या आईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नवलाने. "बाय, तू केलीस ना? तुला वास नाय आला?"

मी तोंड उघडलं. त्याआधी आई म्हणाली, "सर्दी झालीय तिला. चार दिवस झाले, नाक पूर्ण बंद हाय."

सगळे "अरे अरे" म्हणाले. त्याच्या आईने मला तुळशीचा काढा सांगितला. कोलंबीवरून हसले सगळे. मग चहा झाला, तो आत्याने केला.

ते गेल्यावर आई म्हणाली, "नाक कापलं आमचं." विनोद म्हणाला, "ताईचं तर आधीच गेलंय." त्याला धपाटा बसला.

१२ एप्रिल

आत्याचा फोन. होकार! त्यांना मुलगी साधी वाटली, घर मोकळंढाकळं वाटलं. वडील म्हणे अजून कोलंबी-कॉफीवर हसतायत. साखरपुड्याची तारीख ते कळवतील.

आईने पेढे आणले. मला भरवला. गोड.

मी आरशात बघितलं, होकार आलेली मुलगी कशी दिसते. रोजच्यासारखीच.

१४ एप्रिल

जयंती. दिवसभर लाउडस्पीकर, नवीन साड्या, मिरवणूक. बायका विचारत होत्या, कधी उडवताय बार? आई फुलून सांगत होती.

घरी आल्यावर आईला म्हटलं, त्यांना खरं सांगू या.

"वेडी का गो तू? जमलेलं मोडतेस? एवढीशी गोष्ट."

"एवढीशी नाही आई. दाणे जळल्यापासून तू मला गॅसपाशी एकटी सोडत नाहीस."

"लग्न झाल्यावर कळेल तवा कळेल. कोन घराबाहेर काढत नाय."

"आणि तोवर?"

 ती निळी साडी घडी करत बसली. घडी चुकली, परत केली. मला तिचा राग यायला हवा होता. तिची कीव आली थोडी, तीही लांबून.

१७ एप्रिल

प्रदीप आले. सोमवारी त्यांची सुट्टी असते. आसनगावला उतरून रिक्षाने. आधी फोन केला होता, भेटायचंय म्हणून. मी क्लासला दांडी मारली. आई स्वयंपाकघरात, वि. बाहेरच्या ओट्यावर पेपर वाचल्याचं दाखवत. आम्ही पुढच्या खोलीत.

म्हणाले, ती कॉफी परत कराल का? केली. घरचा बर्फ. त्यांनी पूर्ण प्यायली. चमच्याने तळाचे काजूसुद्धा.

"आज मासा नाही," म्हणाले. हसले. बरं हसतात.

मी म्हटलं, "त्या दिवशी मला सर्दी नव्हती."

सांगितलं सगळं. जीप, टाके, कल्याणचे डॉक्टर. आतमध्ये भांड्यांचा आवाज थांबला. आई ऐकत होती.

"कसलाच वास नाही?"

"नाही."

"फुलांचा?"

"नाही."

"मी पावसात भिजून आलो, बूट काढले, तरी?"

"तरी."

"मग चांगलंच आहे की माझं," म्हणाले. मलाही हसू आलं, आणि ते जागा बघून आलेलं नव्हतं.

मग थोडा वेळ ग्लास फिरवत बसले. "मला चालेल. खरंच चालेल. फक्त आमच्या आईला नका सांगू. ती मोडेल. मी ओळखतो तिला. आपल्या दोघांतच राहू दे."

"दिवसभर घरात मी आणि त्या असणार. गॅस राहिला तर?"

"मी आहे ना."

"तुम्ही ठाण्याला असणार."

ते रिकामा ग्लास ट्रेमध्ये ठेवून उठले. निघताना आईच्या पाया पडले. आई रडली. "देवमाणूस हाय पोरगा." आमच्यात देव नाही मानत, पण आईच्या तोंडात बसलंय.

माणूस चांगला आहे. मला आवडला. हे लिहून ठेवते, कारण आवडलं असं म्हणायची वेळ बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

२० एप्रिल

आई आता मला सर्दीची तालीम देतेय. साखरपुड्याला रुमाल हातात ठेव. मधेच नाक पूस. लग्नानंतर सांगू, धुळीने होते वारंवार. वि. म्हणाला, "म्हंजे जन्मभर सर्दी? कंपनी देऊ का, मी पन शिंकतो."

शिंकून दाखवलं त्याने. कुणी हसलं नाही, आईसुद्धा.

मी रुमाल घेऊन बघितला. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या आईसमोर, रोज. करवेल मला. ज्याला काही वाटत नाही त्याला सगळंच करवतं. याचीच भीती.

२३ एप्रिल, रविवार

दुपारी फोन वाजला. आईने उचलला. प्रदीपच्या आईचा. तारीख ठरत होती, मे महिन्यातला दुसरा रविवार. मग त्यांनी माझ्याशी बोलायचं म्हटलं. आईने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि बाजूलाच उभी राहिली, पदराचा बोळा तोंडाशी धरून.

"काय गो बाय, सर्दी गेली का?"

आई मान हलवत होती. गेली म्हण, गेली म्हण.

मी म्हटलं, "मावशी, सर्दी नव्हती. मला वासच येत नाही. डोक्याला लागल्यापासून. गॅस उघडा राहिला तर मला कळणार नाही. दूध नासलं तर कळणार नाही. तुमच्या घरात येणार, तर तुम्हाला माहीत असलेलं बरं."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. मग कुणीतरी तो बंद केला.

"प्रदीपला माहीत हाय हे?"

याची तयारी नव्हती माझी. नाही म्हटलं असतं तर ते सुटले असते. एका खोट्यातून बाहेर पडायला दुसरं. आईकडे बघितलं. ती बघतच नव्हती माझ्याकडे.

"हो," म्हटलं. "सोमवारी सांगितलं मी त्यांना."

"आनि त्याने काय सांगितलं? मला सांगू नको म्हनून?"

मी "मावशी..." एवढंच म्हटलं. त्यांना तेवढ्यात कळलं.

"बरं," म्हणाल्या. आवाज रागाचा नव्हता, चांगलाही नव्हता. "ठेव फोन. मी बोलते त्याच्याशी." आणि ठेवला.

आई खालीच बसली. "काय केलास गो हा," एवढंच, परत परत. विनोदने तिला पाणी दिलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, ओट्याला धरून.  प्रदीपला तोंड कसं दाखवणार, ते आता माझ्याबद्दल काय म्हणत असतील, हेच डोक्यात. रडले. मोठ्याने रडले, आत्याला फोनवर ऐकू जाईल इतकं, वि.ने तिला फोन लावला होता. जीप उलटली त्या दिवशीही एवढी रडले नव्हते.

आता संध्याकाळ झालीय. आई जेवणार नाही म्हणते. फोन आलेला नाही. आला तर मीच उचलणार, आईला तसं सांगून ठेवलंय.