सात पायऱ्यांचा पिरॅमिड

भीमपूर,
६ जानेवारी २०२५

प्रिय मारोती,
सप्रेम जयभीम वि. वि.

तू पाठवलेली चाकाची खुर्ची परवा पोचली. टेम्पोवाल्याने ती पायऱ्यांखाली उतरवली आणि तो चालता झाला. ती वर आणायला मला शेजारच्या नागनाथला हाक मारावी लागली. रिकाम्या खुर्चीची ही कथा, तर तीत बसणारीचं काय, हा विचार तेव्हा डोक्यात शिरला. तुझ्या बहिणीला लकवा मारल्याला तीन महिने झाले. दवाखान्यातून आल्यापासून ती उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. उजवा हात आणि उजवा पाय अजून रुसलेलेच आहेत. तोंड मात्र सरळ झालं आहे आणि त्याचा वापर पुरेपूर चालू आहे. मला अर्धंच ऐकू येतं म्हणून संसार टिकून आहे. तूही फोन करू नकोस, पत्रच लिही.

माझं जोतं साडेतीन फुटांचं आहे, सात पायऱ्यांचं. बापाचं घर जमिनीला टेकलेलं होतं आणि साऱ्या गावाचं पाणी उतरून आमच्या अंथरुणात यायचं. मास्तरकी लागली त्या दिवशी मी ठरवलं की माझं जोतं गावात सगळ्यांत उंच असेल. तसं ते झालं. आता ताराला खाली न्यायचं तर चार माणसं लागतात, आणि ती म्हणते की चौघांच्या खांद्यावरून मी एकदाच जाईन, तेव्हा मला विचारायची गरज पडणार नाही. चौदा एप्रिलच्या जयंतीला तिला विहारात जायचं आहे, स्वतःच्या चाकांवर.

म्हणून उतार बांधायचा विचार आहे. आठवीला इजिप्त शिकवताना मी फळ्यावर काढायचो तसाच: सरळ, लांब, भरीव. त्यावरूनच लाकडी घसरगाड्यांनी अडीच-अडीच टनांचे दगड पिरॅमिडवर चढले. तू तीस वर्षं कोळशाच्या खाणीत दोरखंडांनी डबे ओढलेस, तेव्हा तुझं मत कळव.

लोभ चढता ठेव, पायऱ्या मोजू नकोस.

तुझा,
नागसेन


मंचेरियल,
१९ जानेवारी २०२५

ती. भाऊजींस,
सादर जयभीम. पत्र मिळालं, वाचून हसू आलं आणि मग हसू गेलं.

तुमचा फळ्यावरचा उतार फळ्यावरच शोभतो. पिरॅमिडची उंची पावणेपाचशे फुटांच्या वर. माणसांना ओढवेल असा हलका उतार काढायचा तर तो मैलभर लांब जातो. त्याला पिरॅमिडइतकीच माती-दगड लागणार. मग काम झाल्यावर तो डोंगर मोडून टाकला कुठं? मला विचाराल तर दगड पायरी-पायरीनं चढवले. एका बाजूनं लोखंडी सब्बल घालायची, बोटभर उचलायचं, खाली ठोकळा सारायचा. मग दुसऱ्या बाजूनं. आमचा भरलेला डबा रुळाखाली उतरला की आम्ही असाच परत चढवायचो. क्रेनची वाट पाहत बसलो असतो तर म्हातारे झालो असतो. तसे झालोच म्हणा.

आता तुमचं बघा. हातानं चालवायच्या खुर्चीला एक इंच चढाला बारा इंच लांबी लागते. तुमचे बेचाळीस इंच, म्हणजे बेचाळीस फूट. तुमचं अंगण वीस फूट. उरलेला उतार काय नागनाथच्या स्वयंपाकघरातून नेणार?

मी स्वतः आलो असतो, पण गुडघे साफ गेलेत. बसची पायरी चढवत नाही, तिथं तुमच्या सात कुठून चढवणार? अक्काला हे सांगा, नाहीतर ती मनाला लावून घेईल. एक विचारतो, तुमच्या वडिलांच्या जुन्या घराची ती अंगणातली खालची खोली अजून आहे ना?

माया पातळ होऊ देऊ नका.

आपला,
मारोती


भीमपूर,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय मारोती,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझ्या सब्बलीचा हिशोब केला. तेवीस लाख दगड आणि वीस वर्षं. रोजचे तीनशेच्या वर, म्हणजे दिवसभर दर दोन मिनिटांना एक. तुझा ठोकळेवाला गडी एकेका पायरीला तासभर घेणार. राजा मरून, त्याचा नातू मरून, तरी कळस चढायचा नाही. तेव्हा खाणीतलं शहाणपण खाणीत ठेव.

सरळ उतार मावत नाही, हे मात्र मान्य. म्हणून तो वळवायचा. काही विद्वान म्हणतात की पिरॅमिडलाही उतार असाच अंगाभोवती गुंडाळत नेला होता. मी नकाशा काढला आहे: वीस फूट भिंतीलगत, मग काटकोनात वळून वीस फूट फाटकापर्यंत. वळणावर साडेतीन फुटांचा सपाट चौक. एका अंगाला नागनाथची भिंत, दुसऱ्या अंगाला संडासाची टाकी, त्यामुळे मोठा चौक बसत नाही. मोतीराम मिस्त्री पुढच्या महिन्यात हात घालतो म्हणाला.

तुझ्या बहिणीला रोज संध्याकाळी इजिप्त वाचून दाखवतो. दगड ओढणारे काय खायचे, असं तिने विचारलं. भाकरी आणि कांदा, असं सांगितल्यावर तिला बरं वाटलं. मग विचारलं की ज्यांची हाडं मोडली त्यांचं काय झालं. मी पुस्तकात पाहून सांगितलं की तिथल्या कामगारांच्या कबरींत मोडून पुन्हा जुळलेली हाडं सापडली आहेत, म्हणजे कोणीतरी त्यांना बांधून, बसवून, खाऊ घालत होतं. त्यावर ती काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

खालच्या खोलीत माझी पुस्तकं आहेत. तिच्याविषयी पुन्हा लिहू नकोस.

वाद वाढो, लोभ त्याहून वाढो.

तुझा,
नागसेन


मंचेरियल,
९ मार्च २०२५

ती. भाऊजींस,
सादर जयभीम.

आधी आनंदाची बातमी. नातीनं मोबाइलवर दाखवलं की इजिप्तमधल्या एका जुन्या खाणीत खरोखरचा उतार सापडलाय. चांगला तीव्र, दोन्ही अंगांना पायऱ्या, आणि पायऱ्यांलगत खांब रोवायची भोकं. म्हणजे दोर खांबाला वळसा देऊन ओढायचे! मी खुर्चीतून उठणारच होतो, गुडघ्यांनी बसवलं. उतारही होता आणि पायऱ्याही. तुम्ही अर्धे बरोबर, मी अर्धा. पिरॅमिडवर तसंच केलं का, ते कोणी छातीठोक सांगत नाही.

आता काळजीची गोष्ट. तुमचं ते वळण! दोर सरळ ओढतो, वळून ओढत नाही. कोपऱ्यावर ओढणारी माणसं उभी कुठं राहणार, हाच तर गुंडाळलेल्या उताराचा घोळ आहे. आमचा डबा रुळाखाली जायचा तो नेहमी वळणावरच. खुर्ची नुसती रुंदीला मोजू नका. पाय ठेवायच्या पट्ट्यांसकट लांबी मोजा आणि तीत अक्काला बसवून मोजा. पाच फुटांचा चौक नसेल तर ती वळणार नाही. हात जोडून सांगतो, मोतीरामला थांबवा.

या पत्राचं उत्तर लगेच द्या. राग आला तरी द्या.

आपला,
मारोती


भीमपूर,
१७ एप्रिल २०२५

प्रिय मारोती,
जयभीम वि. वि.

रॅम्प झाला. मोतीरामने काम चोख केलं, घोटाई गुळगुळीत आहे. जयंती उत्साहात पार पडली. मिरवणूक आपल्या फाटकावरूनच गेली आणि ताराने ती पाहिली. तिची तब्येत ठीक आहे. ऊन फार आहे, दुपारी छपराचे पत्रे तापतात.

तुझं वळणाविषयीचं पत्र मला उशिरा मिळालं. इजिप्तविषयी सध्या काही लिहावंसं वाटत नाही.

कळावे.

नागसेन


भीमपूर
२२ एप्रिल

माया लाडक्या भावा मारोतीस,
तुया अक्काचा जयभीम.

हे मी डाव्या हातानं लिवून राह्यली. तीन दिस लागले एका कागदाले. अक्षराले हासू नको, मास्तरांनी मले उजव्या हाताचं शिकवलं होतं.

मास्तरांनी तुले खरं लिवलं नसन. तुयं पत्र टायमावर आलं होतं. वाचलं अन् म्हने, मारोती मले मोजाले शिकवते काय.

जयंतीले मी पांढरं लुगडं नेसून सकाळपासून तयार. पहिले वीस फूट बेस गेले. कोपऱ्यावर खुर्ची अडकली, पुढच्या पट्ट्या भिंतीले अन् मांगचं चाक कठड्याले. मोतीराम ढकले, नागनाथ ओढे. ना खाली, ना वर. तेवढ्यात मिरवणूक आली. बाजा थांबला. सारं गाव मायाकडं पाहून राह्यलं. पोरं म्हने, आजी, उचलून नेतो. मी नाई म्हनलं. मास्तर हातात टेप घेऊन तोच कोपरा मोजत होते, पुन्हा पुन्हा मोजत होते. मले माया दुखन्यानं रडू नाई आलं, त्या टेपीनं आलं. मंग मले खुर्चीसकट उचलून वरच नेलं.

मारोती, मी दवाखान्यातून आली त्याच हप्त्यात म्हनलं होतं, मले खालच्या खोलीत ठेवा. तिचं दार अंगनाशी सपाट हाये. एका हातानं अन् एका पायानं मी खुर्ची रेटत विहारापर्यंत गेली असती. मास्तर म्हने, मी तुले सात पायऱ्या वर आनलं, आता माया बाप ज्या पान्यात झोपे तिथं नाई ठेवनार. त्याईचं मन खोटं नाई. पन माया पाय कैद झाला त्याचं काय?

तुमी दोघं तीन महिने भांडले, पिरॅमिड कसा बांधला म्हनून. मले काऊन नाई इचारलं कोनी? हे जोतं भरलं तवा मास्तर शाळेत होते. मुरूम मी वाह्यला, उन्हाळाभर, डोक्यावर चुंबळ ठेवून. एक टोपलं, मंग दुसरं टोपलं. असाच बांधला असन त्याईनं बी. दुसरं काय असते?

हे मास्तरांना दावजो नको. त्याईले लागन.

गुडघ्याले तिळाचं तेल लावजो.

तुयी,
तारा


मंचेरियल,
२९ एप्रिल २०२५

ती. भाऊजींस,
सादर जयभीम.

सोबत अक्काचं पत्र पाठवतो. तुम्हाला दाखवू नको म्हणाली होती. तिचा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा मोडतो आहे. तो न मोडता दुसरा उपाय मला सापडला नाही.

तुमच्यावर रागावायला बसलो होतो, पण तेवढं तोंड मला नाही. मीही तीन महिने तुमचा उतार खोडण्यात घालवले. तिला काय हवं, ते मीही विचारलं नाही. तिच्या हातचं वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही.

आपला,
मारोती


भीमपूर,
१४ मे २०२५

प्रिय मारोती,
सप्रेम जयभीम वि. वि.

ताराचं पत्र मी सातव्या पायरीवर बसून वाचलं. आठवीच्या पोरांना मी बत्तीस वर्षं विचारत आलो की पिरॅमिड कोणी बांधला, आणि राजाचं नाव सांगणाऱ्याला पूर्ण गुण देत आलो. जोतं भरलं त्या उन्हाळ्यातलं मला काय आठवतं, सांगू? गवंड्याचं नाव आणि विटांचा भाव. ती टोपली वाहत होती हे मला ठाऊक होतं, मारोती. पण ठाऊक असणं आणि आठवणं यांत केवढं अंतर आहे! मला माझीच लाज वाटते.

खालची खोली रिकामी केली. पुस्तकं वर नेली, माणसं खाली. पण तिला उतरवायचं कसं? चौघांना बोलवायचं नाही, हे तिने पुन्हा बजावलं. मग उपायही तिनेच काढला. हिवाळ्यात तिला नीट बसताही येत नव्हतं, आता कमरेत थोडा जोर आला आहे. ती उंबऱ्याबाहेर बसली आणि बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरकली. मी एक पायरी खाली बसून तिचा उजवा पाय उचलून ठेवायचा, मग मागे गोधडीची घडी सारायची, मग पुढची पायरी. सात पायऱ्यांना पाऊण तास लागला. नागनाथच्या घरचे दार लोटून आत गेले, पाहत थांबले नाहीत, त्यांचे उपकार. तुझी पद्धत बरोबर ठरली. एवढा वाद हरलो, तरी कोणाला सांगू नकोस.

खाली पोचल्यावर ती खुर्चीत बसून घराकडे वर पाहत राहिली. मग म्हणाली की उंच झालं होतं बरं का आपलं घर. मला पहिल्याच वेळी ऐकू आलं. परवा वैशाख पौर्णिमेला ती विहारात जाऊन आली, स्वतःच्या चाकांवर. सगळ्यांशी बोलली, खीर खाल्ली. मी मागून नुसता चालत होतो.

आता जे खरं विचारायचं आहे ते विचारतो. पाऊस महिन्यावर आला. खालच्या खोलीत पाणी येणार. मी उंबऱ्यावर विटांचे दोन थर लावले, पण ते पाणी मी लहानपणापासून ओळखतो, ते विटांचं ऐकत नाही. तिला उतरता आलं, चढता येणार नाही; पायरीवर बसून वर सरकायला दोन पाय लागतात. तिला विचारलं तर म्हणते, आलं तं पाहू. मी सत्तरीचा, तिला एकट्याने उचलायचा जोर नाही, आणि उतार त्या कोपऱ्यावर तसाच उभा आहे, गुळगुळीत. रोज आभाळाकडे पाहतो आणि काय करावं ते कळत नाही.

तू जानेवारीत सब्बल आणि ठोकळ्यांचं लिहिलं होतंस. तेव्हा मी थट्टा केली. एका बाजूनं बोटभर उचलायचं, खाली ठोकळा सारायचा, मग दुसऱ्या बाजूनं. ते मला पुन्हा सावकाश, चित्र काढून लिहून पाठव. तिला खुर्चीसकट वर चढवायला एकेका पायरीला तासभर लागला तरी चालेल.

उत्तर पावसाच्या आत पाठव, एवढाच लोभ.

तुझा,
नागसेन