डाव्या बाजूची जाळी

नंदनवन, नागपूर

प्रिय दामिनीताई,

माझं पत्र पाहून आधी घाबरशील. घाबरू नको, घरी सगळे ठीक आहेत. हे फोनवर सांगायला तीनदा बसलो आणि तीनही वेळा तुझ्या अपेक्षाच्या परीक्षेचं विचारून फोन ठेवून दिला. तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून कागदामागे लपलोय.

मी मोटरसायकल घेतली तेव्हा मागच्या चाकाला डाव्या बाजूने जाळी होती, साडी गार्ड. शोरूमवाले लावूनच देतात. मित्र हसले, म्हणाले ही तर बायकांची गाडी. मी अतिशहाणा, दुसऱ्याच दिवशी बोल्ट काढले आणि जाळी सज्ज्यावर टाकली. गाडी काय रुबाबदार दिसायला लागली. दोन महिन्यांनी तुला मागे बसवून सीताबर्डीला निघालो, तेव्हा ती जाळी माझ्या ध्यानीमनीही नव्हती. तू बाबांनी मागावर विणलेली शेवटची साडी नेसली होतीस.

पुढचं तुला माहीत आहे. साडी चाकात गेली, तू रस्त्यावर पडलीस, डावा कोपर मोडला तो अजून सरळ होत नाही. दवाखान्यात आई तुलाच म्हणाली, "पदर खोसाले काय होते वं तुले?" आणि तू मान खाली घालून कबूल केलंस की माझंच चुकलं. मी शेजारी उभा होतो. तुला माहीत नाही ते हे, की तिथून घरी येऊन मी सज्ज्यावरची जाळी काढली आणि गाडीला परत लावली. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी गाडी पाहिली. म्हणाले, जाळी असूनही साडी अडकते म्हणजे बाईच हयगयीची. तेव्हापासून तुमच्याकडे दूध उतू गेलं तरी तुझ्या पदराचा उद्धार होतो. एकदा तर भाऊजींबरोबर मीही हसलो, ताई.

काल मयुराला, तुझ्या नव्या भावजयीला, पहिल्यांदा गाडीवर मागे बसवलं. ती मला धरेचना. दोन्ही हातांनी साडी मांडीवर आवळून बसली होती. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "ताईनं सांगतलं, जाळीच्या भरवशावर नको राहजो, माझ्यासारखी वेंधळी नको होजो." मी गाडी बाजूला घेतली आणि तिथेच तिला सगळं सांगितलं. ती माझ्या गाडीवर परत बसली नाही, ऑटोने घरी गेली. रविवारी आईला घेऊन तुमच्याकडे येतो. भाऊजींसमोर मीच सांगेन, पण आधी तुला कळावं म्हणून हे लिहिलं. माफी मागायचीही माझी लायकी नाही. एवढंच ऐक. दवाखान्यात नर्सने तुझी उजवी मूठ सोडवली, तेव्हा पदर मुठीतच होता. चाकात गेला तो पायाजवळचा काठ. मी पाहिलं होतं.

तुझाच, भाऊ म्हणवून घ्यायला लाजणारा,
चंदन