उद्यापासून येऊ नकोस

डोंबिवली (पूर्व)
रविवार, सकाळ

प्रिय आनंदा,

पत्राला उशीर झाला, माफ कर. लोक पंधरा दिवसांच्या उशिराची माफी मागतात, मी तेवीस वर्षांच्या उशिराची मागतो आहे. पत्ता तुझ्या मेहुण्याकडून, विठ्ठलवाडीच्या दगडूकडून घेतला. तू दिव्यात राहतोस हे ऐकून मी त्याच्या ओट्यावरच बसलो. मी समजत होतो तू गावी गेलास, आणि तू इथे दोन स्टेशनांवर! खोली नंबर सात की सत्तावीस, हे दगडूला नक्की आठवेना. म्हणून पाकिटावर तुझ्या नावापुढे 'टर्नर' असं मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. तरी पोचेल ना, ही धाकधूक आहेच. सूनबाई संचिता म्हणाली, अप्पा, फोनवर दोन ओळी टाका, एका मिनिटात जातील. पण हे कागदावरच लिहायला हवं. का ते पुढे सांगतो. माझं शुद्धलेखन सातवीपर्यंतचंच आहे, सांभाळून घे.

आधी बातमी. आपल्या एमआयडीसीतल्या शेडमधून सुदेशने जर्मनीत कारखाना काढला. कारखाना म्हणजे आपल्यासारखीच एक शेड, केमिकल कंपन्यांच्या पंपांची सीलं दुरुस्त करायची. हाच सुदेश तुझ्या मांडीवर बसून मायक्रोमीटर वाचायला शिकला होता. गावाचं नाव मला तीन महिन्यांत उच्चारता आलं नाही. मी तिकडे तीन महिने होतो, आनंदा. आणि त्यातले अकरा दिवस मी या धास्तीत काढले की मुलाची कंपनी बापाने एका वाक्यात बुडवली. आता सगळं सुरळीत आहे, तू वाचताना घाबरू नकोस. मी मात्र अजून मधूनच छातीवर हात ठेवून बघतो.

तिकडचे कायदे ऐकशील तर हसशील. नोकरीवर माणूस घ्यायचा तर आधी कागद. किती तास, किती पगार, किती रजा, सगळं लिहून. वर्षाला चार आठवडे रजा द्यावीच लागते, आणि माणसाने ती घेतली नाही तर मालकालाच विचारतात, तू त्याला सांगितलं होतंस का घ्यायला? माणूस आजारी पडला तर सहा आठवडे पगार मालकाने द्यायचा. संचिताने त्या कायद्यांची उशीएवढी जाड फाईल केली आहे. मी तिला म्हटलं, अगं, आम्ही शेड उघडली तेव्हा नारळ फोडला आणि आनंदाला म्हटलं, चल, मशीन लाव. ती म्हणाली, तिथे नारळ चालतो अप्पा, पण नारळावर नोकरी चालत नाही.

तिथे एक टर्नर आहे. नाव यॉर्ग. माझ्या तोंडात ते बसेना, मी योगेशभाऊ म्हणायला लागलो, त्यालाही चाललं. वय साठीकडे झुकलेलं, हात तुझ्यासारखा. लेथच्या चकवर जॉब चढवताना कानाने ऐकतो, डोळ्याने नंतर बघतो. सकाळी सहाच्या ठोक्याला यायचा, खिडकीत ठेवलेला स्वतःचा निळा कप धुवायचा आणि कामाला लागायचा. मला त्याची भाषा येत नाही, त्याला माझी नाही. सुदेशने माझ्या फोनमध्ये काहीतरी घालून दिलं होतं. मी मराठीत बोललो की आतली बाई ते जर्मनमध्ये बोलायची. त्या बाईच्या मदतीने आम्ही गुडघेदुखीपासून नातवंडांपर्यंत सगळं बोललो.

एक दिवस सुदेश दोन दिवसांसाठी परगावी गेला होता. एका कंपनीचं काम सकाळी पोचवायचं होतं. जॉब मशीनवर, अर्धा कापलेला, आणि पावणेपाचला योगेशभाऊ मशीन बंद करून हात धुतोय! मी म्हटलं, अहो, एवढं काढून जा, तासाभराचं तर आहे. तो घड्याळ दाखवून म्हणाला, जेवणाची सुट्टी सोडून दहा तास झाले. मी म्हटलं, मग? तो म्हणाला, दहाच्या वर नाही, कायदा आहे. माझे हात शिवशिवत होते, पण पाहुणा म्हणून आलेल्याने मशीनला बोट लावायचं नाही, हे सुदेशने विमानतळावरच बजावलं होतं. डोकं फिरलं माझं. शेडमध्ये चाळीस वर्षं जे वाक्य तोंडात होतं तेच बाहेर पडलं. उद्यापासून येऊ नका.

फोन माझ्या हातात चालूच होता, आनंदा. त्या बाईने ते शांतपणे, गोड आवाजात जर्मनमध्ये सांगून टाकलं. त्यात माझा वैताग नव्हता, शिवी नव्हती, काही नव्हतं. योगेशभाऊने एप्रनची घडी केली, खिडकीतला निळा कप कागदात गुंडाळला आणि गेला.

मला वाटलं, येईल सकाळी. आपल्याकडे हे वाक्य ऐकलं नाही असा कामगार दाखव. संध्याकाळी ऐकायचं, सकाळी आठला यायचं, चहा प्यायचा, मशीन चालू. तिथे सकाळी सहा वाजले, सात वाजले, खिडकी रिकामी. तिसऱ्या दिवशी सुदेशच्या हातात त्याची चिठ्ठी. मला काढलं असेल तर लेखी द्या, नसेल तर मी कामाला तयार आहे. सुदेशने ती मला मराठीत वाचून दाखवली. मला ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, अप्पा, तुम्ही काय केलंत हे तुम्हाला कळलंय का? कामगार कोर्टात गेला तर? परवाना गेला तर? घर गहाण टाकून हे सगळं उभं केलेलं होतं त्याने. वकीलबाईंची वेळ अकराव्या दिवशीची मिळाली. तोवर मला घास उतरेना. मी आपला मनातल्या मनात तुरुंगात जाऊन कपडेही धुऊ लागलो होतो.

वकीलबाईंनी दोनच प्रश्न विचारले. कागद दिला का? नाही. वडील कंपनीच्या कागदांवर कुठे आहेत का? नाहीत. मग बाई हसल्या. म्हणाल्या, इथे तोंडाने काढलेला माणूस काढलेला नसतो. फोनवरून नाही, मेसेजने नाही. कागद हवा आणि त्यावर मालकाची शाईची सही हवी. त्याशिवाय तो कामावरच आहे. तुमचे वडील बोलले ते वाऱ्यावर गेलं. सुदेशने मला हे मराठीत सांगितलं तेव्हा मी त्या बाईंना वाकून नमस्कार करायला उठलो, त्या घाबरून खुर्चीसकट मागे सरकल्या. बाहेर येऊन आम्ही बापलेक एका बाकावर बसलो आणि वेड्यासारखे हसलो. अकरा दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर जेवलो, पावाबरोबर का होईना.

पण बाई आणखी एक म्हणाल्या होत्या. कायद्याने प्रश्न मिटला, माणसाचा नाही. त्याची माफी मागा, आणि लिहून मागा. शिवाय तो दहा तासांवर थांबला म्हणून तुमची कंपनी वाचली, नाहीतर दंड तुम्हालाच होता, हेही लिहा. मी घरी येऊन मराठीत लिहायला बसलो. सुदेश ते जर्मनमध्ये करणार होता. कागद त्याच्या हातात दिला आणि तो वाचता वाचता थांबला. मी वर नाव लिहिलं होतं ते योगेशभाऊचं नव्हतं. मी लिहिलं होतं, प्रिय आनंदा. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ते नाव सुदेशने खोडलं नाही, कागद घडी करून माझ्या खिशात ठेवला आणि म्हणाला, अप्पा, हे पत्र वेगळं आहे. योगेशभाऊंसाठी दुसरं लिहा.

दुसरं लिहिलं. योगेशभाऊ सोमवारी आला, कप पुन्हा खिडकीत ठेवला. हे पहिलं मात्र पुरं करायचं राहिलं होतं.

तुला तो दिवस आठवत असेलच. दोन शिफ्ट सलग काढून तू म्हणाला होतास, नाथा, हात थरथरतोय, आता उभा राहिलो तर बोट जाईल. आणि मी चार लोकांसमोर म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. त्याआधी पन्नास वेळा म्हटलं असेल, आणि तू पन्नास वेळा सकाळी येऊन खिळ्याला शर्ट अडकवलास. वागळे इस्टेटपासूनची आपली जोडी, मी मालक झालो तरी तू कधी मला शेठ म्हटलं नव्हतंस. त्या दिवशी म्हणालास. बरं, शेठ. एवढंच. मी तो शब्द ऐकला आणि ऐकला नाही असं केलं. आठ दिवस मी वाट पाहिली. तुझ्या घरी यायला निघालो, पत्रीपुलावरून परत फिरलो. हजेरीत तुझ्या नावापुढे महिनाभर 'गैरहजर' लिहीत राहिलो. नाव काढायला हात धजला नाही.

आता कागदावर लिहिण्याचं खरं कारण. पलीकडच्या गल्लीतला शेडवाला तुला कामावर घेण्याआधी मला विचारायला आला होता. मी त्याला सांगितलं, आनंदा न सांगता काम सोडून गेला. त्याने तुला घेतलं नाही, आणि एमआयडीसीत मग कोणीच घेतलं नाही, हे दगडूने मला परवा सांगितलं. मी जे सांगितलं ते खोटं होतं. आनंदाने काम सोडलं नाही, मीच त्याला येऊ नकोस म्हणालो, आणि त्याचा हात खरंच थरथरत होता. हे मी शाईने लिहितो आहे आणि खाली सही करतो आहे. हा कागद तू रमावहिनींना दाखव, मुलांना दाखव, ज्याला हवा त्याला दाखव. आपल्याकडचा कायदा काय म्हणतो ते मला ठाऊक नाही, पण तुला काढल्याचा कागद मी कधी दिला नव्हता. शेडमधला तुझ्या शर्टाचा खिळा आहे तिथेच आहे, ये. मशीनवर उभं राहू नकोस, खुर्ची टाकून बस आणि मला चार शिव्या दे. रागावला असशील तर तसं लिही, पण लिही. लवकर लिही, माझ्या तब्येतीचा भरवसा नाही. आणि वर शेठ लिहू नकोस.

तुझाच,
नाथा