चाकांवरची झाकणं

बाबा, माझ्या गाडीच्या चारही चाकांना झाकणं लावली आहेत आणि ती आता मी काढणार नाही, हे तुम्हाला सांगायचं होतं. तुम्हाला ते आवडायचं नाही. कोपरच्या रस्त्यातल्या खड्ड्यांत एखादं उडून जाईल, नाहीतर कोणीतरी काढून नेईल, असं म्हणाल. म्हणा. मी पन्नाशी ओलांडली आहे, आणि ठाण्याच्या ऑफिसातून घरी येईपर्यंत माझ्यात वाद घालण्याइतकं काही उरत नाही.

तुमची ती सेकंडहँड पांढरी गाडी आली, त्याच संध्याकाळी तुम्ही तिच्या व्हील कॅप काढल्यात, पेपरात गुंडाळल्यात आणि माळ्यावर टाकल्यात. वर्षातून एकदा, दसऱ्याला, त्या खाली उतरतात. तुम्ही मोरीत उकिडवे बसून भांड्यांच्या पावडरने त्या घासताय आणि आई श्रीखंडाचं पातेलं धरून मागे उभी आहे. "अहो, गाडीची घाण माझ्या मोरीत नको." तुम्ही मान वर न करता म्हणता, "घाण कुठली? रस्ता तरी बघितलाय का यांनी कधी?" आणि तेही अभिमानाने. मग झेंडूचा हार, सोसायटीभोवती एक फेरी, आणि दिवेलागणीला कॅप परत माळ्यावर. कॉलेजात असताना मी एकदा विचारलं होतं, या वापरायला आणल्यात की पुजायला? "वापरलं की संपतं," असं तुम्ही इतक्या जोरात म्हणालात की शेजारच्या काकू डोकावल्या. नंतर बरेच दिवस तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत.

हरिहरेश्वरचंही तसंच झालं. आईला लहानपणी एकदा बघितलेला तिथला समुद्र परत बघायचा होता, आणि तुम्हाला तो आपल्या गाडीने दाखवायचा होता. "बघू, दिवाळीनंतर." मग टायर बदलायचे राहिले, मग उन्हाळा नको, मग माझी परीक्षा. तुम्ही गेलात तेव्हा ती गाडी फार तर टिटवाळ्याच्या गणपतीपर्यंत जाऊन आलेली होती. ज्याने ती विकत घेतली त्याला आईने माळ्यावरून कॅप काढून दिल्या, कोऱ्या करकरीत. त्याने तिथल्या तिथे हाताने ठोकून त्या चाकांवर बसवल्या आणि गेला. आई गॅलरीतून बघत होती. त्या दिवशी मला तुमचा फार राग आला.

आता आई माझ्याकडे असते. मी इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "ती झाकणं काढून ठेव गं, ह्यांनी ठेवली असती." मी निमूट काढली. ऑफिसातल्या एका मुलीने ती उघडी चाकं बघितली आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, झाकणं शोची नसतात. चाकाच्या दांड्यांमध्ये हवा घुसळते ना, त्यात बॅटरी फुकट जाते. झाकण असलं की हवा बाजूने सरळ निघून जाते."

"किती फरक पडतो?"

"थोडाच. तो पण स्पीड असला तर. शिळफाट्याला काय कळणार तुम्हाला? तिथे चालणारी माणसं पुढे जातात आपल्या."

एवढ्या बोलण्यावर मी कामाला लागले. एका चार्जिंगमध्ये गाडी जिथवर जाते, त्याच्या अगदी टोकाला हरिहरेश्वर पडतं. वाटेत कुठेतरी चार्जिंगसाठी ताटकळत बसणं आईला झेपणार नाही. झाकणांनी थोडी भर पडली तर एका दमात पोचू, असं मी तिला सांगितलं आणि तिला ते पटलं. काही दिवस झाकणं लावून, काही दिवस काढून मी ऑफिसला गेले. शिळफाट्याच्या गर्दीत काडीचा फरक नाही. मग रविवारी सकाळी लवकर उठून, आईला मागे बसवून नाशिक हायवेला जायला लागले, एकदा झाकणांसह, एकदा झाकणांशिवाय, वेग तोच ठेवून.

"काय म्हणतेय हवा?" आई मागून विचारते.

"बोलू नकोस ना, मोजतेय."

"अगदी ह्यांच्यावर गेलीस."

फरक पडतो, बाबा. मोकळ्या रस्त्यावर, एकसारख्या वेगात, बॅटरी जराशी कमी खर्च होते. फार मोठं काही नाही, पण टोकाला पडणारं गाव आवाक्यात येईल इतपत.

हे कळलं तेव्हा उन्हाळा सुरू व्हायचा होता. आता दसरा आला. मधल्या काळात आई जिना चढताना प्रत्येक मजल्यावर बसायला लागली आहे. तरी संध्याकाळी मी दारात आले की तिचा पहिला प्रश्न हवेचाच असतो, आणि तो विचारायला ती केस विंचरून, दाराकडे तोंड करून बसलेली असते. मी दमलेय हे खरं. सुट्टीच्या दिवशी मला नुसतं पडून राहावंसं वाटतं, हेही खरं. पण त्याहून जास्त मला भीती वाटते. तो समुद्र एकदा बघून झाला की तिने कशाची वाट बघायची? तुमचं ते "वापरलं की संपतं" इतकी वर्षं मी चिक्कूपणाचं समजत होते. तुम्हालाही अशीच काही धास्ती होती का, हे विचारायचं राहून गेलं.

काल तिने विचारलं, "मोजून झालं का गं?" मी चहाचं आधण ठेवत होते. "थोडं राहिलंय," मी म्हटलं, "बघू, दिवाळीनंतर." ती जरा हसली आणि "बरं" म्हणाली, तुम्हाला म्हणायची तसंच.

हा कागद तिच्या हाती लागायला नको, म्हणून लिहून झाला की मी तो फाडून टाकणार आहे. मोजायचं काहीच राहिलेलं नाही, बाबा. मला वाटतं, तिलाही ते माहीत आहे.