डावी सुरगाठ

३ नोव्हेंबर

बाबा चहा करायला गेले आणि सगळं दूध उतू घालवलं. आई जाऊन महिना होत आला, अजून या माणसाला गॅस बारीक करता येत नाही!

दादाचा फोन आला तेव्हा मी शेळ्या आत घेत होते. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला, तोवर बाबांना माझ्याकडे राहायला यायला तयार कर. शेळ्या देऊन टाकू, घराला कुलूप लावू. त्याचं चुकतंय असंही नाही. फोन मान वाकडी करून खांद्यात धरला, तसंच फाटक लावलं, हो हो करत आत आले. बाबांना अजून काही बोलले नाही. तोंड उघडतच नाही.

४ नोव्हेंबर

सकाळी बाबांची हाक. फाटकाची कडी कधीच तुटली आहे, दोरी बांधतात. त्या दोरीशी त्यांची झटापट चालली होती.

"ये इकडे. ही बघ कुणाची गाठ."

बघितली. आईची!

आई डावखुरी. बाबा तिला 'डावरे' म्हणायचे — लाडातही, रागातही. तिची सुरगाठ उलटी बसायची. डावं टोक ओढलं की अलगद सुटायची. आम्ही सगळे सवयीने उजवं ओढायचो, तिची निरगाठ व्हायची, मग बसा नखं मोडत! ती ओले हात पुसत यायची. "अरे, दोरीला विचारून तरी ओढा." एक हिसका — सुटली.

मी म्हटलं, तुम्हीच बांधली असेल. बाबा म्हणाले, उभ्या जन्मात मला जमली नाही. मग म्हटलं, पोस्टमनने बांधली असेल. हसलेसुद्धा नाहीत. मी दोरी सोडली आणि शेळ्या बाहेर काढल्या. पण दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

५ नोव्हेंबर

कोंबड्यांच्या दाण्याच्या पोत्याला तीच गाठ. आणि पोतं कालच आणलेलं, कोरं! माझं धाबं दणाणलंय. बाबा मात्र आज पोटभर जेवले.

६ नोव्हेंबर

आईला बसून जेवताना मी पाहिलेलं नाही. ताट ओट्यावर, एक घास तोंडात, दुसरा हात कशात तरी. गोठा, कोंबड्या, सरपण, पाणी, आमच्या शाळा, बाबांचा संताप — सगळं एकटीने ओढलं. आजारी पडली तरी पडल्या पडल्या लसूण सोलायची. 'जरा टेक' म्हटलं की म्हणायची, टेकले की उठायचा कंटाळा येतो. आम्हीही फार वेळा म्हटलं नाही.

चाऱ्याच्या पेंढ्या बांधताना ती पेंढीकडे बघायचीच नाही. तोंडाने आमचे पाढे घेतेय, डोळे चुलीवरच्या पातेल्याकडे, आणि हात आपले बांधतायत! बुटाची नाडी बांधायला तिनेच शिकवलं मला. माझ्या मागे उभी राहून, माझे हात हातात धरून. हात खरखरीत. साबण आणि गवत असा मिळून एक वास. आज भांडी घासताना तो वास आला. मागे वळून बघितलं — वेड्यासारखी.

त्या दिवशी बाबांना ती गोठ्यातच सापडली. शेजारी पेंढी, दोरी फिरवलेली, गाठ मारायची राहिलेली. ती पेंढी कुणी हलवली नाही. आज संध्याकाळी त्या पेंढीजवळ बसून पोटभर रडून घेतलं. उद्या बाबांशी बोलायलाच हवं.

७ नोव्हेंबर

पेंढी बांधलेली आहे.

तीच, त्या दिवशीची. घट्ट, डावी सुरगाठ. मी काल तिथे बसले होते हे खरं. पण पेंढीला हात लावल्याचं काही केल्या आठवत नाही. दार उघडं टाकून अंगणात पळाले.

बाबा गेले, बघितलं, तिथेच खाली बसले. मला वाटलं रडतील. पण चेहरा असा निवलेला की मलाच बघवेना. म्हणाले, "राहिलेलं काम पुरं करायला आली बघ. आता ती इथे असताना मी कुठे जाऊ?"



८ नोव्हेंबर

दादा आला, तणतणला. गाठीबिठीचं ऐकून माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच बाबांच्या डोक्यात भरवलंय. बाबा शांत. शेळ्यांना चारा घातला, आमच्यासाठी चहा केला — आणि दूध उतू गेलं नाही! शेवटी दादा रिकामाच निघाला. माझी रजा संपली, मीही त्याच्याच गाडीत बसले. बाबा फाटकात उभे राहून हात हलवत होते. खुशीत होते. त्या खुशीचीच भीती वाटत राहिली.

१० नोव्हेंबर

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो साखर काढत होता. ऐकता ऐकता थांबला. म्हणाला, आपल्याकडे कात्री स्वयंपाकघरात का असते, ठाऊक आहे?

मी म्हटलं, असते आपली.

त्याने साखरेची पिशवी पुढे धरली. म्हणाला, "लग्न झाल्यापासून तुझ्या गाठी कापतोय मी. ओढलं की आणखीच बसतात."

पिशवी मी सकाळीच बांधली होती. गप्पा मारत, न बघता. डावं टोक ओढलं. अलगद सुटली.

म्हणजे फाटक. पोतं. पेंढी!

हात बघत बसले. माझेच हात. बाबांना सांगायला हवं. सांगितलं की ते निमूट दादाकडे जातील, सगळं सुरळीत होईल. आणि आई त्यांच्यासाठी पुन्हा एकदा मरेल.

फोन हातात घेतला. ठेवला.

१२ नोव्हेंबर

बाबांचाच फोन. आवाज पार खाली गेलेला. म्हणाले, "तू गेल्यापासून ती आली नाही गं."

मला म्हणायचं होतं, शनिवारी येईन. तोंडातून निघालं —

"येईल, बाबा. शनिवारी येईल."